मधून म्हणा

माणसानं निवृत्त झाल्यावर काय करावं, याबद्दल अजून निवृत्त न झालेल्या माणसांची मतं फार ठाम असतात. माझ्या मुलाचं मत पडलं, ‘बाबा, तुम्ही काहीतरी नवीन शिका. मेंदूला व्यायाम होतो.’

मेंदूला व्यायाम सुचवण्याइतकं माझ्या हातून काय घडलं होतं? फार काही नाही. एका सकाळी मी स्कूटरवरून रविवार कारंजावर गेलो, चार वस्तू घेतल्या आणि रिक्षानं घरी आलो. स्कूटर संध्याकाळपर्यंत तिथंच उभी होती. आता स्कूटर विसरणं हे काही छत्री विसरण्याइतकं घरगुती नाही, हे मला मान्य आहे. पण घरात त्यावर कुणी हसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. कारण आईच्या बाबतीतही सुरुवात अशीच झाली होती. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं; आणि शेवटी एके दिवशी तिनं मला, स्वतःच्या थोरल्या मुलाला, ‘आपण कुठून आलात?’ असं अगदी अदबीनं विचारलं होतं.

तेव्हा नवीन काहीतरी शिकायचं ठरलं. ही म्हणाली, ‘स्वयंपाक शिका.’ सूचना उपयोगाची होती, म्हणूनच ती फेटाळण्यात आली. घरात नातीसाठी आणलेला विजेवर चालणारा पियानो होता. नात नऊ वर्षांची. कॉलेज रोडवरच्या एका क्लासला जाते आणि घरी येऊन आम्हाला शिकवते. मी म्हटलं, मी पियानो शिकतो. त्यावर मात्र घरात सगळे हसले. मला बरं वाटलं.

माझ्या मते माझी पूर्वतयारी उत्तम होती. लहानपणी मी पेटी शिकलो होतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी जी शिडी आहे, तिची पहिली पायरी मी चढलो होतो आणि तिथूनच वरचा देखावा पाहून खाली उतरलो होतो. पेटी काय आणि पियानो काय, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच! पेटी तीन-साडेतीन सप्तकांची, पियानोला ८८ पट्ट्या, म्हणजे घर थोडं ऐसपैस, एवढाच फरक. पण पहिल्याच दिवशी खरी अडचण ध्यानात आली. पेटीवर सगळं वाजवायचं ते उजव्या हातानं. डावा हात भाता मारतो. माझ्या डाव्या हातानं आयुष्यात भात्याशिवाय काही केलेलं नव्हतं. जुन्या कचेरीतल्या पंखेवाल्याला एकदम साहेबाच्या शेजारी खुर्ची देऊन ‘आता तुम्हीही निर्णय घ्या’ म्हणावं, तशी त्याची अवस्था झाली. तो बिचारा उजवा हात करील तेच करू लागला. नात म्हणाली, ‘आबा, तुझा डावा हात कॉपी करतोय.’

मग प्रश्न आला, कुठली रचना शिकायची? मी नातीचं पुस्तक घेतलं आणि बँकेत पस्तीस वर्षं खातेवह्या पाहिलेल्या नजरेनं चाळलं. माझा हिशोब सोपा होता. जे पान काळंभोर, किड्यामुंग्यांनी भरलेलं, ते कठीण. जे पान पांढरं, मोकळं, ते सोपं. आमच्या नाशिकच्या मिसळीवरूनच मी हे ओळखायला हवं होतं, की दिसण्यावर काही नसतं. बाहेरगावचा पाहुणा लाल तर्री पाहून घाबरतो आणि काळ्या मसाल्याच्या साध्याशा दिसणाऱ्या रश्शाचा बिनधास्त भुरका मारतो. पुढं काय होतं ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

माझं तसंच झालं. सर्वांत मोकळं पान म्हणून मी बाखचं सी मेजरमधलं प्रिल्यूड निवडलं. १७२२ सालच्या संग्रहातली ही पहिलीच रचना. एकूण ३५ ‘बार’. (‘बार’ या शब्दानं हिचे कान टवकारले होते. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खण, आपल्या आवर्तनासारखा, हे तिला समजावून सांगावं लागलं.) काळ्या पट्ट्या अगदी मोजक्या, चाल संथ, प्रत्येक खणात बोटांची ठेवण तीच. वाटलं, आठवड्यात होईल. आणि वाचून वाजवायला ते खरोखरच फारसं जड नाही. पण पुस्तक मिटलं की सगळे खण एकमेकांसारखे दिसू लागतात. एकाच नकाशाच्या बंगल्यांच्या कॉलनीत रात्री आपलं घर शोधावं तसं होतं. अकराव्यातून बाराव्यात जायचं तर मी भलत्याच्याच अंगणात उभा!

तेव्हा मला एक शोध लागला. ‘कठीण’ हा एक शब्द आपण तीन निरनिराळ्या संकटांना वापरतो. वाचायला कठीण, वाजवायला कठीण आणि लक्षात ठेवायला कठीण. ही तिन्ही एका घरची नाहीत. लांब उड्या, भरभर तुकडे असलेली रचना बोटांना छळते, पण लक्षात चटकन राहते, कारण भांडकुदळ माणूस कोण विसरेल? विसरतो आपण तो सरळ, सालस, कधी वर मान न करणारा.

पाश्चात्त्यांनीही यावर डोकं चालवलेलं आहे. लंडनच्या संगीत परीक्षा आपल्याकडेही होतात. त्यांत ‘इनिशियल’पासून ‘ग्रेड ८’पर्यंत पायऱ्या, आणि कुठल्या पायरीवर कुठल्या रचना याची यादीच असते. पण यादीलाही पुरून उरणाऱ्या रचना आहेत. बेथोव्हेनची ‘फ्यूर एलीस’ घ्या. आमच्या शेजाऱ्यांची गाडी मागं घेताना जी धून वाजते, तीच ती. १८१० साली लिहिलेली ही रचना बेथोव्हेन गेल्यावर चाळीस वर्षांनी, १८६७ साली छापली गेली. तिची सुरुवात ज्याला त्याला येते. गाडी मागं घ्यायला तेवढी पुरते. पण पुढं जायचं म्हटलं की मधले दोन तुकडे असे काही वळण घेतात की सुरुवात येणाऱ्यांपैकी बरेचजण तिथून परत फिरतात. मोझार्टच्या सोनाटांबद्दल तर आर्तुर श्नाबेल या थोर पियानोवादकाचं म्हणणं असं सांगतात, की त्या मुलांना फार सोप्या जातात आणि कलावंतांना फार अवघड. मी दोन्हींत बसत नसल्यानं मोझार्टला हात लावला नाही.

शेवटी नातीनंच निर्णय दिला. ‘आबा, तू मिन्युएट इन जी घे. ते बेबी पीस आहे.’

हा मिन्युएट म्हणजे तीन-तीन मात्रांचे ३२ खण. बाखची दुसरी बायको ॲना माग्दालेना, तिच्या १७२५ सालच्या वहीत तो सापडतो, म्हणून दोनेकशे वर्षं बाखच्याच नावावर खपला. १९७०च्या दशकात कळलं की तो ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेत्सोल्ट नावाच्या ऑर्गनवादकाचा. बायकोच्या वहीत उतरवून घेतलेली शेजारणीची पाककृती नवऱ्याच्या नावावर प्रसिद्ध व्हावी, तसा प्रकार! सूर आपल्या बिलावलचे. पेटीवाल्याला माहेरी आल्यासारखं वाटतं. दीड महिन्यात मी तो पुस्तक पाहून वाजवू लागलो.

‘आता न बघता,’ नात म्हणाली.

आता खरं सांगायचं तर त्या लंडनच्या परीक्षेतही पुस्तक समोर ठेवायला परवानगी असते. गंमत अशी की पूर्वी तिकडे पाठ वाजवण्याचा रिवाजच नव्हता. क्लारा शूमान आणि लिस्ट यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात भर मैफिलीत पुस्तकाशिवाय वाजवायला सुरुवात केली, तेव्हा काहींना तो आगाऊपणा वाटला होता. आपल्याकडे उलट. गवई वही उघडून बसला तर श्रोते चपला शोधू लागतात. पण आपल्या गवयाला एक मुभा आहे. बंदिश दोन-चार ओळींची; बाकी सगळा रस्ता रागाचा. विसरलाच तर आलाप घेतो, एक तान मारतो, तोवर आठवतं. लोक वर ‘क्या बात है’ म्हणतात. मिन्युएटमध्ये आलाप घेता येत नाही. मी एकदा घेऊन पाहिला. नातीनं सरळ वीज बंद केली.

मी पाठ करू लागलो आणि त्या बेबी पीसनं आपले दात दाखवले. त्याचे पहिले आठ खण आणि नंतरचे आठ खण जुळ्या भावांसारखे आहेत. उजव्या हाताचे सहा खण तंतोतंत तेच. फक्त सातव्याला फरक. पहिल्या वेळी ‘रे’वर थांबून पुन्हा तेच सुरू करायचं, दुसऱ्या वेळी ‘सा’वर येऊन मुक्काम. आता दुसऱ्या वेळी चुकून पहिल्याचाच शेवट वाजवला तर काय होईल? पुन्हा सुरुवातीला! मुंबई नाक्याच्या वाहतूक बेटाला नवखा माणूस जशा फेऱ्या मारतो, तसा मी त्या मिन्युएटमध्ये गरगरत असे. गणपतीच्या आरत्या म्हणताना सगळ्या घराला हा अनुभव येतो. ‘जय देव, जय देव’ झालं की कुणी दुसऱ्या कडव्यात जातो, कुणी तिसऱ्यात, आणि एखादा काका तर पुढच्याच आरतीत.

आणि खरं सांगू? चुकलो की मला स्कूटर दिसे. आठ-दहा वेळा तेच झालं की रात्री झोप लागत नसे. कुणाला बोललो नाही.

गोदाघाटावर सकाळी फिरायला जातो तिथं माझे एक मित्र भेटतात. पंचवटीतले दशग्रंथी गुरुजी. त्यांना मात्र बोललो. पियानो म्हटल्यावर ते जरा दचकले. पण पाठांतराची अडचण म्हटल्यावर एखाद्या वैद्याला नाडी सापडावी तसे खुलले. म्हणाले, ‘पुढचं पुढचं घोकून पाठ होत नाही हो. सांधे पाठ करायचे असतात. आमच्याकडे आधी पदं सुटी म्हणतात. मग क्रम: १-२, २-३, ३-४. मग जटा: १-२, २-१, १-२. आणि घन म्हणजे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. असं पुढं सरकत जायचं. माणूस शब्दात अडकत नाही, एका शब्दातून दुसऱ्यात जाताना अडकतो.’

बँकेत इतकी वर्षं काढून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण गुरुजींचा खरा दणका पुढं होता. ते म्हणाले, ‘तुमचं पाठ आहे ना? मग मधून म्हणा.’

वाचकहो, तुम्हीही करून बघा. रामरक्षा पाठ आहे? मग एकविसाव्या श्लोकापासून म्हणा. सतराचा पाढा येतो? सतरा आठे किती, ते ‘सतरा एके सतरा’पासून निघाल्याशिवाय सांगा. आपल्याला पाठ असतं ते रेल्वेसारखं. पहिल्या स्टेशनावर बसलो तरच शेवटचं येतं. मधे कुठं उतरलो की पुन्हा पहिल्या स्टेशनावर. गुरुजी म्हणाले, ‘कुठूनही उचलता आलं, तर पाठ. नाहीतर ती नुसती सवय.’

जाताजाता ते म्हणाले, ‘आणि पुस्तकाची लाज वाटून घेऊ नका. विष्णु दिगंबरांची दृष्टी लहानपणीच अधू झाली होती. तरी त्यांनी गाणं लिहायची लिपी केली, पुस्तकं छापली.’ पलुस्करबुवा अखेरच्या काळात आमच्या नाशकातच राहिले, रामनाम आधार आश्रम काढून. ज्याला पुस्तक नीट दिसत नव्हतं त्यानं इतरांसाठी पुस्तकं केली, आणि मला दिसत असून मी ते मिटायला निघालो होतो!

घरी येऊन मी क्रमाला बसलो. पहिला-दुसरा खण, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. जटाही करून पाहिली. तेव्हा ही स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, ‘अहो, मशीन बिघडलंय का?’ सांधे हळूहळू बसू लागले. पण ‘मधून म्हणा’ काही जमेना. मधले मुक्कामच सापडेनात. वैतागून मी नातीला माझ्या आईची गोष्ट सांगितली.

आई शेवटची दोन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. पण संध्याकाळी दिवा लागला की रामरक्षा सुरू होई. मधेच कधीतरी अडायची. अडली की कावरीबावरी व्हायची. वाट चुकलेल्या मुलासारखं इकडंतिकडं बघायची. एकदा मला सुचलं. रामरक्षेतलं कवच डोक्यापासून सुरू होतं आणि क्रमानं खाली येत पायांपर्यंत पोचतं. कपाळ, डोळे, कान, नाक असं. ती डोळ्यांपाशी अडली होती. मी तिच्या कानाला नुसतं बोट लावलं. गाडी एकदम पुढं निघाली. नंतर मग रोजच. अडली की मी पुढच्या जागी हात ठेवायचा, आणि ती पुढं म्हणायची. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पण हात लागला की पुढची ओळ ठाऊक असायची.

नात ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आबा, मग मिन्युएटला पण डोकं-कान करू या की.’

आम्ही केलं. सुरुवात म्हणजे डोकं. नववा खण म्हणजे डोळे. पंधरावा, जिथं मी फेऱ्या मारत असे तो, कान. सतरावा, जिथं दुसरा भाग सुरू होतो, तो गळा. पंचविसावा गुडघे. ती नुसतं ‘गुडघे!’ म्हणून ओरडायची आणि मी तिथून सुरू करायचा. घरात येणाऱ्यांना हा संगीताचा रियाज वाटत नसे. पण पंधरा दिवसांत मी मधून म्हणू लागलो.

सोसायटीच्या गणपतीत ‘विविध गुणदर्शन’ असतं. माझं नाव नातीनं परस्पर दिलं. पियानो मांडवात आला. समोर शंभरएक माणसं, पहिल्या रांगेत ही, मुलगा, सून आणि मुद्दाम पंचवटीहून आलेले गुरुजी. शेजारच्या मंडळाचं नाशिक ढोल पथक सरावाला लागलेलं. तीन मात्रांच्या मिन्युएटला चार मात्रांचा ढोल साथीला मिळण्याचा योग युरोपात कुणाला आला नसेल. पुस्तक मी मिटून ठेवलं होतं.

सुरुवात झकास झाली. डोळ्यांपर्यंत आलो. आणि कानाशी आलो तो बोटांनी जुनाच रस्ता धरला. ‘रे’! परत सुरुवातीला. हरकत नाही, फेरी मारून आलो, पुन्हा ‘रे’! कपाळावर घाम. तिसरी फेरी सुरू झाली. मांडव पुसट झाला. आईचा तो कावराबावरा चेहरा माझ्या तोंडावर आलाय, हे मला आतून दिसत होतं. बाहेर पडायची वाट या मेंदूत कुठंतरी होती आणि मला ती सापडत नव्हती. मुलानं खाली मान घातली होती.

तेवढ्यात पियानोच्या बाजूला उभ्या असलेल्या नातीकडं लक्ष गेलं. तिनं काही सांगितलं नाही. तिनं शांतपणे स्वतःचा कान धरला.

पंधरावा खण आपोआप आला. ‘सा’! मग गळा, मग गुडघे, आणि बत्तिसावा खण. टाळ्या झाल्या. आपल्याकडे कान धरणं म्हणजे चूक कबूल करणं, त्यामुळं अर्ध्या मांडवाला वाटलं की आजोबांच्या वतीनं नात माफी मागतेय, आणि पोरीच्या संस्काराबद्दल सुनेचं कौतुक झालं.

गुरुजी म्हणाले, ‘छान झालं. जरा लांबलं.’

परवा वाचण्यात आलं, की रिख्तरसारखा जगातला एक अव्वल पियानोवादक उतारवयात अंधाऱ्या सभागृहात एक लहानसा दिवा लावून, पुस्तक समोर ठेवून वाजवायचा. मला फार धीर आला. पुढच्या वर्षी मीही दिवा लावणार आहे. पुस्तक उघडं ठेवीन, पण शेजारी नातही उभी राहील. पुस्तकाला कान नसतात.

आता मला मिन्युएटचे ३२ खण कुठूनही येतात. अर्ध्या रात्री उठवून ‘गुडघे’ म्हणा, मी पंचविसावा खण वाजवून दाखवीन. हे सगळं हिला मी काल कौतुकानं सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते राहू द्या. येताना दूध आणलंत का?’

मी कान धरला.